आवाज आला का?

शिवलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी वर छताकडं बघायचे, मग दाराकडं, आणि सगळ्यात शेवटी घरातल्या माणसाकडं. मग हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे. आमच्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, हे जळमटं बघतायत. तिनं दुसऱ्याच दिवशी सगळं घर झाडून काढलं आणि ते परत कधी येतात याची वाट बघत बसली. अप्पा आले, त्यांनी वर बघितलं, खिडकीच्या वर एक बारीक भेग होती ती हेरली आणि खुर्ची उचलून दारात नेऊन ठेवली. चहा तिथंच प्यायले. एक पाय आत, एक पाय बाहेर.

आता गंमत बघा, हाच माणूस औशात सिमेंट आणि सळई विकायचा. आसपासच्या किती गावांतले स्लॅब त्यांच्या मालावर उभे होते देव जाणे. स्वतः मात्र पत्र्याच्या खोलीत राहायचे, बाज दाराला चिकटवून. कुणी विचारलं तर म्हणायचे, "म्या इकतो. खाली झोपत न्हाई." लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण मी जातीचाच भित्रा माणूस. आम्ही मूळचे भोकरचे. तिकडं जमीन पिकते, नाहीतर पिकत नाही, पण ती बोलत मात्र नाही. लग्न करून इकडं आलो, औशात अप्पांच्या दुकानासमोर झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं, आणि इथली जमीन बोलते हे मला पहिल्यांदा कळलं.

या भागात नुसतं 'भूकंप' म्हटलं की कुठला ते विचारावं लागत नाही. अप्पांचं घर त्यात गेलं, आणि बायकोही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुकानाच्या पायरीवर बसून, समोर सिमेंटची गाडी रिकामी होत असताना. आधी कितीतरी दिवस जमिनीतून गुरगुर येत होती. बायको म्हणाली, आज अंगणात झोपू. "म्याच म्हणलं, काय होत न्हाई, आत ये," अप्पा म्हणाले. "आली बिचारी आत." ते स्वतः पहाटे लघवीला बाहेर आले होते, म्हणून राहिले. एवढं सांगून ते उठले आणि हमालाला गोणी नीट रचायला सांगू लागले.

इकडं अजूनही मधूनच जमिनीतून आवाज येतो. रस्त्यावर गाडी नसते आणि भरलेला ट्रक गेल्यासारखं वाटतं, फडताळातली भांडी एकमेकांना लागतात. गावं बाहेर येतात, साहेब लोक येतात, यंत्रं ठेवतात आणि घाबरू नका म्हणून जातात. अप्पा चिडायचे. "घाबरू नका म्हणायला काय जातंय? म्हातारी, लेकरं समदी घाबरली पायजेत. घाबरली तर भाईर येतील." एका अशाच आवाजानंतर ते माझ्या दुकानात आले, छताकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि म्हणाले की मला एक ब्लॉग काढून दे, कुठं कधी आवाज आला ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. हा शब्द त्यांना कुणी शिकवला होता कुणास ठाऊक.

ब्लॉग काढून दिला. नाव अप्पांनीच ठेवलं, 'जमीन बोलते'. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ते फोनवर एकच ओळ लिहायचे: 'आज आवाज नाही.' लोक बाजारभाव बघावेत तशी ती ओळ बघायला लागले. माझी बायकोसुद्धा स्वयंपाकाला लागायच्या आधी विचारायची, काय म्हणतायत अप्पा? मी म्हणायचो, नाही म्हणतायत. मग ती गॅस लावायची.

तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मीच बोलून गेलो की अप्पा, ब्लॉगला बाहेरून प्लगिन जोडता येतात. म्हणजे ब्लॉग ही नुसती लिहायची पाटी, पण एक प्लगिन जोडलं की तिच्यावर वाचणाऱ्याला फॉर्म भरता येतो, दुसरं जोडलं की नकाशा दिसतो. अप्पांनी दोन्ही कान देऊन ऐकलं. मग त्यांच्या धंद्यातलाच प्रश्न विचारला: "म्हंजे खालचं मकान तेच, वर माडी चढवायची. पाया झेपंल का?" तेव्हापासून प्लगिनला ते माडीच म्हणत. पहिली माडी फॉर्मची चढली: गावाचं नाव टाका, आवाज कसा होता ते लिहा. दुसरी माडी नकाशाची. जिथून खबर येईल तिथं लाल ठिपका. ठिपके सगळे आमच्याच भोवती होते.

नकाशाचं प्लगिन चढवलं त्याच दिवशी ब्लॉग बसला. पान पांढरं फटक. फॉर्मचं आणि नकाशाचं एकमेकांशी पटलं नव्हतं, असं होतं कधी कधी. मी घामाघूम होऊन खटपट करत होतो. अप्पांनी मागून विचारलं, "पडलं का?" मी म्हणालो, हो, पडलंय. वळून बघतो तर खुर्ची रिकामी. अप्पा रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे होते आणि तिथून मला हातानं खुणावत होते, भाईर ये. मी नवीन प्लगिन बंद केलं, पान परत दिसायला लागलं, तरी ते बराच वेळ आत आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "एक एक करून चढवत जा. आन आधी उतरायची शिडी बघून ठिव."

नकाशा पुढं नीट जुळवून परत चढवला. शेवटची माडी घंटेची होती. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या फोनवर ब्लॉगची घंटा वाजायची. तिच्यासोबत अप्पांना आणखी एक पाहिजे होतं: एकाच गावातून पाच जणांनी लागोपाठ 'आवाज आला' म्हणून कळवलं, की कुणाची वाट न बघता घंटेनं आपणहून आजूबाजूच्या सगळ्या गावांना सांगायचं, 'बाहेर या'. मी हात जोडले. म्हणालो, अप्पा, खोटी खबर गेली तर? ते म्हणाले, "खोटी गेली तर लोक भाईर येतील, हसतील, शिव्या देतील. देऊ दे. खरी गेली न्हाई तर?" मी ते जोडलं. जोडून होईपर्यंत त्यांनी दोनदा चहा मागवला.

काही दिवसांनी अप्पांच्या मनात आलं की लोक स्वतःहून फॉर्म भरायचा कंटाळा करतात, तर आपणच रोज संध्याकाळी घंटा वाजवून विचारू. प्रश्न त्यांनीच सांगितला. साधा, गावच्या माणसाला कळेल असा: 'आवाज आला का?' खाली दोन बटणं, 'हाव' आणि 'न्हाई'. मला तो प्रश्न आवडला. कुणालाही आवडला असता.

दिवेलागणीला घंटा वाजली. नवीन होती, चांगली खणखणीत होती. लोकांनी फोन हातात घेतला, प्रश्न वाचला, आणि ज्याला त्याला वाटलं की घंटेबद्दलच विचारतायत. फोनवर आपण दिवसातून दहा वेळा हेच तर विचारतो. आला की आवाज, चांगला आला. हाव. माणसं भली, विचारलं त्याचं उत्तर दिलं. एका गावातून पाच हाव, दुसऱ्या गावातून पाच हाव. आणि घंटा कुणाची वाट न बघता परत वाजली: बाहेर या.

माझ्या दुकानातून मला रस्ता दिसत होता. आधी समोरच्या दवाखान्यातून माणसं आली, मग गल्लीतून बायका आल्या, कडेवर पोरं, कुणाच्या हाताला कणीक. कुणी ओरडत नव्हतं. सगळे जमिनीकडं बघत होते. काय झालंय हे मला माहीत होतं, तरीसुद्धा मीही बाहेर जाऊन त्यांच्यात उभा राहिलो. भीती अशी असते. आपण स्वतः लावलेली असली तरी आपल्याला सोडत नाही.

त्या संध्याकाळी व्यंकटराव नावाच्या शेतकऱ्यानं घाईघाईनं आपल्या माडीवरून उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. माडी अप्पांच्याच सिमेंटची. दुसऱ्या दिवशी अप्पा मला घेऊन त्यांच्या गावी गेले. आत शिरल्यावर नेहमीसारखं वर बघितलं, दाराकडं बघितलं, पण बाजेवरच्या व्यंकटरावांकडं बघायची हिंमत त्यांना होईना. आम्हाला वाटलं होतं, माणूस शिव्या देईल. व्यंकटराव शांतपणे म्हणाले, "अप्पा, पायाचं काय न्हाई, जुळंल. पण आता घंटा वाजली तर म्या उठणार न्हाई. आन गावातलं कुणीच उठणार न्हाई. तेवढं वाईट झालं बघा."

परत येताना औसा आल्यावर अप्पांनी माझा हात घट्ट धरला. मोठा दणकट माणूस, पण हात गार पडला होता. म्हणाले, "म्या परत तेच केलं रे. लोकांला आत बसवलं." मी काहीतरी समजूत घालायला गेलो, त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग ते म्हणाले, "उतरव समद्या माड्या."

घंटा उतरवली, नकाशा उतरवला, फॉर्मही उतरवला. उरली ती नुसती पाटी आणि सकाळची एक ओळ. अप्पांनी मात्र नवीनच उद्योग धरला. सुट्टीच्या दिवशी एकेका गावाला जायचे, पारावर बसायचे, लोकांचे फोन नंबर घ्यायचे आणि आपला द्यायचे. म्हणायचे, मशीन सांगणार नाही, मीच फोन करीन. लोक नंबर द्यायचे आणि मागं हसायचे. व्यंकटरावांकडं तर ते तीनदा गेले. मला कसली तरी धास्ती वाटायची. एवढ्या लोकांना एकटा माणूस कुठून फोन करणार?

पुढं अप्पांचं हृदय थकलं. पुतण्यानं लातूरला दवाखान्यात ठेवलं. खालच्या मजल्यावर खाट रिकामी नव्हती, तिसऱ्यावर मिळाली. मी भेटायला गेलो तेव्हा ते उताणे पडून छताकडं बघत होते. या वेळी दाराकडं बघून उपयोग नव्हता, कारण दारापर्यंत चालवत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत एवढं भय होतं की मी तिथं फार वेळ बसू शकलो नाही. येतो म्हणून निघालो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, संध्याकाळी मी घरात चहा पीत होतो. अप्पांचा फोन आला. लाइन तुटत होती, श्वास लागल्यासारखा आवाज.

"आवाज आला का?"

"हाव अप्पा, येतोय. बोला."

"मग आत काय करायलास? भाईर निघ."

मी कप ठेवला, बायकोला आणि मुलीला ओढत अंगणात आणलं. तेवढ्यात पायाखालून ते गेलं. ट्रक नव्हता. शेजारचे पत्रे वाजले, भांडी वाजली आणि मुलगी मला घट्ट चिकटली. एवढंच. घर उभं होतं. आत जाऊन बघितलं तर खिडकीवरच्या भेगेतून मूठभर गिलावा खाली आला होता.

अप्पा तिसऱ्या मजल्यावर आहेत, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं. फोन लावला तर लागेना, सारखा दुसऱ्या फोनवर. मी अंगणात येरझाऱ्या घालत लावतच राहिलो. बऱ्याच वेळानं उचलला. मी विचारलं, अप्पा, तुम्हाला कुणी खाली आणलं का?

"मला कुठं उतरता येतंय," ते म्हणाले. "दुपारपास्नं खाटंखाली गुरगुर लागली हुती. समदे भाईर आलेत ना?"

"आलेत."

"मग पडतो जरा."

तो आठवडा संपायच्या आत अप्पा गेले. लिंगायतांत बसवून माती देतात. जन्मभर ज्या मातीला ते भ्याले त्याच मातीत त्यांना बसवलेलं मला बघवेना. मूठ भरली, पण सुटेना. शेजारी काठी टेकून व्यंकटराव उभे होते. ते हळूच म्हणाले, "मला बी आला होता फोन. घंटेला उठलो नसतो. अप्पाला उठलो." मग त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि आम्ही दोघांनी माती दिली.

ब्लॉग आहे अजून. सकाळची ओळ आता मी लिहितो. एकही प्लगिन नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली. परवा तिचा फोन आला, लाइन खराब होती. ती विचारत होती, "बाबा, आवाज येतोय का?" मी 'हो' म्हणालो तेव्हा अंगणात उभा होतो. कधी उठलो, कधी आलो, कळलं नाही. बायको दारातून माझ्याकडं बघत होती. ती हसली नाही. गॅस बंद करून तीही बाहेर आली.