भिंत संपली की दार

लोक भिंतीतून आत यायचे, याचा तिला मनापासून राग यायचा.

"अहो काका, दारातून या ना! ती भिंत आहे."

भिंत कसली, मोकळ्या प्लॉटवर ओढलेली पांढरी रेघ. शाळेच्या मैदानावर मारतात ती फक्की. घर बांधायचं म्हणून कुणी तिच्याकडे आलं, की पाया खणण्याआधी ती सगळ्या कुटुंबाला प्लॉटवर बोलवायची, अख्खं घर खऱ्या मापात जमिनीवर काढायची आणि त्यांना त्यात राहायला लावायची. स्वयंपाकघरात उभं राहून खोटा चहा ठेवायचा, पलंगाच्या जागी चटईवर आडवं व्हायचं, बेल वाजली असं समजून दाराशी जायचं. माणसं आधी लाजत, मग रंगात येत आणि हमखास भांडत. एक नवरा-बायको कपाट कुठे ठेवायचं यावरून त्या रेघांच्या आत असे कडाडून भांडले, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

"बरं झालं फक्कीत भांडले," घरी येऊन ती आईला म्हणाली. "सिमेंटमध्ये भांडले असते तर मला पुसता आलं नसतं."

घरात तिचं नाव फूटपट्टी. लहानपणी दारांच्या चौकटी, वडिलांची खुर्ची, झोपलेली मांजर, सगळं मोजत सुटायची. वास्तुकलेला जाणार म्हणाली तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. शिकून एका मोठ्या ऑफिसात लागली. तिथे उंच इमारतींची कामं. पाहुण्यांसमोर आई कौतुकाने सांगायची, आमची मुलगी टॉवर बांधते. मुलगी आतून ओरडायची, "आई, मी टॉवरचे संडास काढते. तीन वर्षं झाली, अजून संडासातून बाहेर आले नाहीये."

ती बाहेर आली आणि तिने घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं. वडील नव्हते. खोलीत त्यांच्या खुर्चीशेजारी फक्कीची गोणी आली, आणि आईच्या जिवाला घोर लागला. एकेका घराला ती महिनोन्महिने द्यायची, आणि लोकांना वाटायचं, चार रेघा मारायला कसला वेळ लागतो! मामा तर तोंडावर म्हणायचा, "भाचीबाई, डॉक्टरला कुणी म्हणत नाही की आधी औषध दाखवा, आवडलं तर पैसे देतो. तुम्हालाच कसे म्हणतात?" ती हसायची. तिच्या वर्गातली मुलं देशोदेशी पांगली होती आणि सगळीकडून एकच रडगाणं ऐकू यायचं. एकाचं अख्खं ऑफिस बंद पडलं, कारण मालकाला नकाशे आता मशीन काढून देत होतं. एक जण फरशा विकत होता. वर्गात पहिली आलेली केक करत होती. "तिचे केक मात्र कोसळत नाहीत," मुलगी म्हणायची.

मग तिला एका कंपनीतून बोलावणं आलं. न बांधलेल्या घरांची चकचकीत चित्रं तयार करायची, जाहिरातींसाठी. बसल्या जागचं काम, महिन्याच्या महिन्याला पगार. आईला हातात स्वर्ग आल्यासारखं झालं. मुलगी म्हणाली, "ड्रायव्हरकाकांचं घर होऊ दे. ते मनासारखं उभं राहिलं तर मी इथेच राहीन. नाही राहिलं तर जाईन, शब्द देते."

ड्रायव्हरकाका बस चालवायचे. घरात ते, बायको आणि त्यांची म्हातारी आई. आजींना दिसत नव्हतं. आता आंधळ्या माणसाला फक्कीची रेघ दाखवायची कशी? मुलीने डोकं धरलं आणि दुसऱ्या दिवशी प्लॉटवर विटा उतरवून घेतल्या. जिथे रेघ मारायची तिथे विटांची ओळ मांडली. आजी काठीने विटा चाचपत घरभर फिरल्या. पलंगाच्या जागी खुर्ची होती, तिथून उठल्या, उजवीकडे वळल्या.

"आता भिंतीला धरून चला," मुलगी म्हणाली. "भिंत संपली की दार. दारात पाऊल टाकलं की बाथरूम. रात्री-बेरात्री कुणाला उठवायला नको."

आजी पुन्हा पुन्हा तेवढंच चालल्या. एकदाही भिंतीतून गेल्या नाहीत. मग थांबून म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला विचारलं, तुला कसं हवंय म्हणून. नवऱ्यानेसुद्धा विचारलं नाही. तुझा विचारतो का गं?"

"मला नवराच नाही, आजी."

"मग सुखी आहेस!"

डबा घेऊन आलेली आई हे ऐकत बाजूला उभी होती. तिला हसू आलं.

नकाशा पक्का होत आला आणि एका सकाळी ड्रायव्हरकाका मोबाइल पुढे करत आले. पुतण्याने कुठल्याशा ॲपमध्ये प्लॉटची मापं घातली होती आणि बघता बघता घर तयार. रंगीत, फिरवून बघता येणारं, अंगणात गाडीसकट.

"मॅडम, तुमचंही छानच आहे हो," काका खाली बघत म्हणाले. "पण यात पुढे एक खोली जास्त निघते. भाड्याने दिली तर कर्जाला हातभार लागेल. तुम्ही फक्त सही द्या."

"आणि आजी?"

"आईला मागची खोली. बाथरूम स्वयंपाकघराच्या पलीकडे जातंय जरा. होईल सवय."

ते गेल्यावर आई म्हणाली, "करून टाक ना सही. सगळेच करतात."

"उद्या काही बिघडलं तर नाव माझं, आणि घर माझं नाही. असलं घर मी कसं सांभाळू?"

तिने सही दिली नाही. दुसऱ्या कुणीतरी दिली, नकाशा न उलगडता. काकांचंही काय चुकलं? त्यांनी जमेल ते घर बांधलं. वर्षभराने स्वतः येऊन दोघींना घर बघायला बोलावून गेले. मनात काही ठेवू नका, म्हणाले.

घर दिसायला छान होतं. मागच्या खोलीत आजी पलंगावर बसल्या होत्या. आवाज ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"आली का गं ती सुखी? थांब, माझं घर दाखवते तुला."

त्या काठी न घेताच उठल्या, उजवीकडे वळल्या आणि भिंतीवर तळहात टेकवून चालू लागल्या. भिंत संपली ती कोपऱ्यात. दार नव्हतं. आजींचा हात तिथे वर-खाली फिरत राहिला.

"इथेच होतं ना गं?"

सून आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "काय सांगू काकू, रोज हेच. डावीकडे, डावीकडे म्हणून घसा सुकला माझा. परवा तर कपाळ आपटलं. बाकी सगळं विसरतात, तुमच्या मुलीने सांगितलेलं तेवढं विसरत नाहीत."

आईने मुलीकडे पाहिलं. आता ही खरं बोलणार, ड्रायव्हरकाकांसमोर बोलणार, असं तिला वाटलं. मुलगी आजींजवळ गेली. भिंतीवरचा त्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला.

"आजी, मी चुकले. दार मी उलट्या बाजूला सांगितलं."

"तू चुकलीस?"

"हो. माझंच माप चुकलं. चला, आपण पुन्हा शिकू."

काका दारात उभे होते. मान खाली घालून ते तिथून निघून गेले. मुलगी आजींना पलंगापासून डावीकडे घेऊन गेली, स्वयंपाकघरातून, ओट्याच्या कडेने, पलीकडे. परत पलंगापाशी. पुन्हा. बाहेर कपांतल्या चहावर साय धरली. प्रत्येक वेळी उठताना आजींचं पाऊल आधी उजवीकडेच पडत होतं.

निघताना मुलगी म्हणाली, "आई, ती कंपनी अजून विचारतेय. उद्या हो म्हणून कळवते."

आईला हवं होतं तेच झालं होतं. पलीकडचा रिकामा प्लॉट ओलांडला की बसस्टॉप जवळ पडायचा. त्या प्लॉटवर कुणा कंत्राटदाराने पाया खणण्यासाठी ताजी फक्की मारली होती. आई रेघेपाशी थबकली. इतक्या वर्षांची सवय, ती दार शोधू लागली. पण या नुसत्या पायाच्या रेघा होत्या. त्यांत दार कुठेच सोडलेलं नव्हतं.

मुलगी थांबली नाही. ती सरळ भिंतीतून चालत गेली.