शेजारणीच्या वाट्या

आई माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, सांता क्लाराला आली आणि आठवड्यातच शेजारच्या कोरियन बाईंनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. झालं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नवरा दिवसभर ऑफिसात, मी अपार्टमेंटमध्ये एकटी. सुरुवातीच्या महिन्यांत पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं, तेव्हा याच बाई मुळ्याच्या आंबट फोडी नाहीतर तिळाच्या तेलातला पालक घेऊन दारात उभ्या राहायच्या. मी त्यांना मावशीच म्हणायचे. दोघींचं इंग्रजी सारखंच तोडकंमोडकं, त्यामुळे छान जमायचं. त्यांच्याखेरीज तिथे मला होतं कोण?

आता त्यांच्या जेवणाची तऱ्हा अशी: भात आपापल्या वाटीत आणि टेबलाच्या मधोमध दहाबारा लहान वाट्या. आपल्या पानाची अख्खी डावी बाजूच म्हणा ना! पण त्यातून प्रत्येकाने आपापल्या जेवायच्या काड्यांनीच उचलायचं. पाहुणा फारच आवडला, तर त्याच काड्यांनी त्याच्या भातावर घास ठेवायचा. आणि आमची आई! उष्ट्या हाताने वरणाच्या डावाला नुसतं शिवलं तरी डोळे वटारणारी. ती पानावरून उठली असती, तर मावशींना मी तोंड कसं दाखवणार होते?

मग मी शहाणपणा केला. आदल्या दिवशी जाऊन सांगून आले, "मावशी, आईला उष्टं चालत नाही. प्रत्येक वाटीत वेगळा चमचा ठेवा, प्लीज." मासळी नको, हे त्यांना ठाऊकच होतं. "ओके, ओके," त्या म्हणाल्या.

जेवण झकास चाललं होतं. आईने सोयाबीनच्या मोडांवर ताव मारला, गोडसर बटाटा दोनदा घेतला. "अगं, पालकाला नुसते तीळ आणि लसूण? विचार ना तिला!" मी विचारलं. मावशी इतक्या खूश झाल्या, की त्यांनी आपल्या काड्यांत पालक उचलून थेट आईच्या भाताकडे नेला. आणि मध्येच थबकल्या. माझ्याकडे पाहिलं आणि पालक मुकाट्याने स्वतःच्या वाटीत ठेवून दिला. चेहरा एवढासा झाला होता.

"काय गं, का थांबली ती?" आईच्या नजरेतून काही सुटत नाही. मी आधी टाळाटाळ केली, मग सांगून टाकलं सगळं.

आई जेवायची थांबली. "माझ्या नावावर सांगितलंस? इतके महिने हिने तुला खाऊ घातलं, आणि तू हिच्याच घरात हिला असं शिकवून आलीस?"

तिने भाताची वाटी मावशींपुढे सरकवली आणि चक्क मराठीत म्हणाली, "वाढा हो."

या वेळी मावशींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पालकाचा घास भातावर ठेवला. आईने तो खाल्ला आणि वाटी पुन्हा पुढे केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बरं तर इतकं वाटलं की सांगता सोय नाही.