काउंटरबाहेरचं स्टूल

आमच्या अंबरनाथ पूर्वेला कोपऱ्यावर जे मेडिकल आहे, तिथल्या काकांनी मला लग्नानंतर आठव्या दिवशी रडवलं होतं. नवऱ्यासाठी मूळव्याधीचं मलम आणायला गेले होते. मागे ही रांग! काकांनी मलम काढलं, कधी नि कसं लावायचं ते सांगितलं, पण ट्यूब काही हातातून सोडेनात. "आता तुम्ही सांगा. मोठ्याने!"

मी पुटपुटले. "ऐकू आलं नाही!" शेवटी सगळ्या गल्लीला कळेल अशा आवाजात नवऱ्याचं दुखणं जाहीर केलं आणि तरातरा घरी आले. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची नाही, कानाला खडा! सासूबाई पोट धरून हसल्या. "अगं, ते सगळ्यांनाच बोलायला लावतात. मलाही सोडलं नाही."

काका एकाहत्तरच्या लढाईत फौजेच्या दवाखान्यात होते. तिथे औषधाचा हुकूम ऐकला की तो परत म्हणून दाखवायचा, असा नियम. एकदा कुणीतरी नुसतंच "हो सर" म्हटलं आणि एक जवान हकनाक गेला. एवढंच ते सांगायचे, पुढे नाही. फौज सोडली, फार्मसी शिकले, दुकान टाकलं, पण नियम तोच. उल्हासनगरहून येणाऱ्या सिंधी मावशी हिंदीत म्हणायच्या, त्यांनाही सूट नव्हती. हळूहळू मीही निर्ढावले.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या घ्यायला गेले होते. सवयीने घडाघडा म्हटलं, "वीसची, एक, सकाळी नाश्त्यानंतर." आणि हातातल्या पाकिटावर नजर गेली.

"काका, ही चाळीसची आहे."

काकांनी चष्मा पुसला, पाकीट वाचलं, परत वाचलं. मला म्हणाले, "शाब्बास." मग कपाटाची किल्ली सुनेच्या हातात दिली, तीही फार्मासिस्टच, आणि काउंटरची फळी उचलून बाहेर पडले.

चार दिवस ते दुकानावरच्या घरातून खाली उतरले नाहीत. धड जेवतही नाहीत, असं सून म्हणाली. मला घास गोड लागेना. कशाला तोंड उघडलं मी! पण गप्प तरी कशी बसणार होते? दुकानाशिवाय हा माणूस महिनाभर तरी टिकेल का, याचीच धास्ती वाटत होती.

पाचव्या दिवशी माझंच डोकं फिरलं. वर गेले आणि उभ्या उभ्या सुनावलं, "काका, तुमची सून औषधं चोख देते, पण लोकांकडून वदवून घेत नाही. लाजते. सगळे 'हो हो' करून निघून जातात. चालेल तुम्हाला?"

"नुसतं हो हो?" काका ताडकन उठले.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, आणि काउंटरच्या बाहेर स्टूल टाकून काका हजर! औषध सून द्यायची, वदवून काका घ्यायचे. आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत. त्यांच्या स्वतःच्या गोळ्यांची वेळ झाली की सूनही सोडायची नाही. "मोठ्याने, बाबा!" रांग खिदळायची, काकाही. दोन वर्षं हा दरबार चालला. काय मजेची होती ती वर्षं!

गेल्या उन्हाळ्यात काका गेले, झोपेतच.

परवा प्रेशरची गोळी मलाच सुरू झाली. सुनेने पाकीट पुढे केलं. स्टूल अजून तिथेच आहे, त्यावर कुणी बसत नाही. त्याच्याकडे बघत मी पुटपुटले, "एक, सकाळी, नाश्त्यानंतर."

मागून अख्खी रांग ओरडली, "ऐकू आलं नाही!"