तेवीस माणसांचा फोटो

ती चोरी तशी किरकोळ, पण पोलिसातून निवृत्त झाल्यावर मला सगळ्यांत आधी तीच आठवते.

वसईतल्या एका प्रदर्शनातून चित्र गेलं. दोन फूट बाय दीड फूट. किनाऱ्यावर मजेत दिवस घालवणारी माणसं, सगळी रंगाच्या ठिपक्यांत. काढणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या मोबाईलवर चित्राचा फोटो होता, त्यात मी माणसं मोजली, तेवीस. चौकशीच्या कागदात लिहिलं, 'चेहरे ओळखू येत नाहीत.'

खबर सभागृहाच्या शिपायाची. एक म्हातारा जाळ्यात काहीतरी गुंडाळून पाचूबंदरच्या कोळीवाड्याकडे जाणाऱ्या रिक्षात बसला होता. आम्ही तिथं घरोघर विचारलं, "कुणी चित्र आणलंय का?" सगळ्यांचं उत्तर, नाय. माझ्या महिला हवालदार कोळ्यांच्याच घरातल्या. म्हणाल्या, "साहेब, इथं चित्र कोण म्हणतं? फोटो विचारा."

फोटो म्हणताच सुकट निवडणारी एक आजी बोलली, "बायकोचा आनलाय त्यानं. आता जरा जेवतो तरी."

त्या म्हाताऱ्याच्या घरात चित्राला अबोलीचा हार होता.

"कुणाला विकणार होतात?" मी दरडावलं.

"बायकोला कोन विकतं, साहेब?"

तिचे सगळे फोटो मोबाईलमध्ये होते आणि मोबाईल होडीवरून पाण्यात गेला होता.

"अहो, पण यात चेहराच नाही!"

त्यांनी कोपऱ्यातल्या केशरी ठिपक्यावर बोट ठेवलं. "उजवा खांदा उतरल्यापासून मासळीची पाटी डाव्या कमरेवर घ्यायची. बगा."

मी पाहिलं. तशी तेविसांत एकच होती.

"मग मागायचं होतं बाईंकडे."

"आनि नाय बोलल्या असत्या, तर?"

चोरी ती चोरीच, हे मी त्यांना सुनावलं. मग त्यांना आणि बाईंना, दोघांना ठाण्यात बोलावलं. म्हाताऱ्यानं दाखवलेला ठिपका बाईंनी वाकून पाहिला. "आठवली. मला ओरडली होती, 'उन्हात काय बसलीस गो, डोकं फिरलंय का?'"

म्हातारा रडता रडता हसला. "तीच!"

बाईंनी अर्ज लेखी मागे घेतला. तिचं नाव विचारून चित्रामागे लिहिलं आणि चित्र म्हाताऱ्याच्या हातात दिलं. मीही चौकशीच्या कागदातलं माझं वाक्य खोडलं, बाजूला सही केली आणि लिहिलं, 'तेवीसपैकी एकीची ओळख पटली.'

तोवर कुणी हरवल्याची तक्रार आली की मी चेहरा, रंग, उंची विचारायचो. पुढं पहिला प्रश्न बदलला, "तुमचं माणूस सामान कुठल्या हातात धरतं?" उत्तर द्यायला घरच्यांना कधी विचार करावा लागला नाही.