मार्कंड्याच्या वाटेवर जळालेला व्हॉल्व्ह

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या महादेवाकडे मी त्या दिवशी जे मागितलं, ते लिहिताना अजून हात अडखळतो. मागितलं एवढंच, की मारोतीभाऊंना गाडी दुरुस्त करणं जमू नये.

माझं गाव कोल्हापूरकडचं. आठवीतच शाळा सुटली, रस्त्याच्या कामावरच्या मशिनींसोबत गडचिरोलीतल्या चामोर्शीला आलो आणि एका गॅरेजात राहिलो. मारोतीभाऊ तिथले जुने मिस्त्री. इथं माझं कोणी नव्हतं. हातातलं काम हीच काय ती ओळख. पण गिऱ्हाईक गाडी लावून विचारायचं, "मारोती कुठी हाय?" ते नसले तर चहा पिऊन येतो म्हणायचं. मी समोर रिकामाच उभा. इंजिन खोलायला मला मारोतीभाऊंनीच शिकवलं, आणि राग रोज त्यांचाच यायचा. ते डब्यातली भाजी पुढे करायचे, मी भूक नाही म्हणायचो.

एका निवृत्त गुरुजींची वडिलांच्या वेळची बुलेट होती. तिचा टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा भाग, टिकटिक करायचा. मारोतीभाऊ म्हणायचे, "बोलू द्या, गुरुजी. थोडा बोलला पायजे." एकदा ते सुट्टीवर असताना मी तो टॅपेट आवळून आवाज बंद केला. गुरुजी खूश. "मारोतीले इतके वर्स नाई जमलं," म्हणाले. त्या एका वाक्यावर मी पंधरा दिवस जगलो.

गुरुजींचे गुडघे गेलेले, पण वर्षातून एकदा वडिलांच्या गाडीवरूनच मार्कंड्याला पाणी घालायला जायचं, हा त्यांचा नेम. या खेपेला चालवायला मला घेतलं. अर्ध्या वाटेत गाडीची ओढ कमी झाली, सायलेन्सरमधून फटफट झाली आणि ती बंद पडली. किकला दाबच लागेना. किक हळू दाबत सायलेन्सरपाशी कान नेला, तर आतून हवा फुसफुसत होती. धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. का, तेही तिथंच कळलं. मी आवळलेल्या टॅपेटनं त्याला पुरतं मिटू दिलं नव्हतं. तापून तापून त्याची कड जळाली होती.

गुरुजी पळसाखाली तांब्या घेऊन बसले. "मारोतीले फोन लाव," म्हणाले. लावला. आणि ते येईपर्यंत देवळाच्या दिशेला बघत मी ते मागणं मागितलं. चूक उघडी पडायची भीती होतीच. त्याहून जास्त खुपत होतं ते हे, की गाडी त्यांच्या हातानं सुरू होईल.

मारोतीभाऊंनी टॅपेटचं झाकण काढलं, आतली दांडी चिमटीत धरून फिरवून बघितली. टॅपेट सैल असता तर फिरली असती; फिरली नाही. माझ्याकडे एकदाच बघितलं.

"काऊन बिघडली बा?" गुरुजींनी विचारलं.

"जुनी हाय, गुरुजी. माणसाचंबी होते असं."

मी सुटलो होतो, पण सुटल्यासारखं वाटेना. त्यांनी इंजिनाचं हेड उतरवलं, हत्यारांच्या डब्यातून एक धड व्हॉल्व्ह काढून त्याच्या कडेला घासायची पेस्ट लावली, आणि रबरी चकती बसवलेली काडी माझ्याकडे दिली. "तूच घास, कोल्हापूर. माह्यापेक्षा तुहा हात हलका हाय."

ती काडी दोन्ही तळहातांत धरून घुसळावी लागते. हात जोडल्याशिवाय ते काम होतच नाही. किती वेळ घासलं कोण जाणे. तोंडात देवाचं नाव आलं होतं, मागणं राहिलं नव्हतं. कडेला सगळीकडून सारखी करडी रेघ उमटली. पेट्रोल ओतून बघितलं, थेंब गळला नाही. हेड चढवून, टॅपेट बसवून मारोतीभाऊ उठले, तेव्हा मी बोललो.

"गुरुजी, टॅपेट मी आवळला होता. यांचं ऐकलं नाही."

गुरुजींनी तांब्या उचलला. मग म्हणाले, "आता सैल सोडला का?"

"सोडला," मी म्हणालो.

"मंग चाल. महादेव तहानला असंन."

ऊन उतरताना वैनगंगेवर पोचलो. बुलेट वाटभर टिकटिकत होती, मागून आपल्या गाडीवर मारोतीभाऊ. गाभाऱ्यात मी डोकं टेकवलं ते मागितलेलं न दिल्याबद्दल. काय द्यायचं ते त्यालाच कळतं. मी आता यादी देत नाही.

हेवा गेला असं नाही. कोणी मारोतीभाऊंना विचारत आलं की अजून आत टोचतं. पण मी ते त्यांना तोंडावर सांगून टाकतो. ते हसतात आणि डबा पुढे करतात. मी जेवतो.