शेजारचा चढा आवाज

आमच्या सुरतेच्या चाळीत शेजारी धुळ्याकडचे एक गृहस्थ राहत. दिवसभर कापड कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात काम केल्यामुळे ते घरीही ओरडूनच बोलत. "वहिनी, भाजी कशानी शे?" भाजी कशाची आहे, एवढं माझ्या बायकोला विचारलं तरी चार दारं उघडत. मी रोज "हळू, हळू" म्हणायचो.

नळसरोवर हे पाणपक्ष्यांचं मोठं तळं नुकतंच अभयारण्य झालं होतं. चाळीची सहल निघाली तेव्हा माझ्या मुलीनं रोहित पक्ष्यांचा ध्यास घेतला आणि मी या आवाजाची धास्ती घेतली. रखवालदारानंही गप्प राहायला बजावलं, "अवाज ना करशो, पक्षी ऊडी जशे."

होडी थव्याजवळ गेली. शेजाऱ्यांनी तोंड उघडलं. मी "हळू" म्हणायला वळलो.

आवाज आलाच नाही. ते नुसते ओठ हलवत होते, बोटांनी वाकडी चोच, लांब पाय मुलीला दाखवत होते. कारखान्यात पलीकडच्या मागावरच्या माणसाशी ते असंच बोलत असणार. मुलगीही ओठांनीच उत्तरं देत होती. पक्षी निवांत चरत राहिले.

काठावर उतरताच ते गरजले, "वहिनी, आते डबा काढा!"

मला हळू म्हणावंसं वाटलं नाही.