मंत्री येणार म्हणून घातलेला शर्ट

कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळी कशानेच मरत नव्हती, त्या वर्षातली गोष्ट. मी यवतमाळला सरकारी दवाखान्यात नर्स होते. फवारणी करणारे मजूर रोज यायचे, कुणी नेरकडून, कुणी दिग्रसहून. डोळ्यांपुढे अंधार, तोंडातून लाळ. आमचं पहिलं काम ठरलेलं: अंगावरचे कपडे काढायचे आणि साबणाने अंग धुवायचं, कारण विष कपड्यात मुरलेलं असतं. त्यामुळे अख्खा वॉर्ड उघडाबंब असायचा.

आर्णीकडचा एक मजूर पाचव्या दिवशी बायकोला ओळखू लागला. "उद्या घोटभर चहा द्या," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. त्याचे ते विष मुरलेले कपडे मी तिला फेकायला सांगितले होते. ती हो म्हणाली होती.

तोवर बातमी देशभर झाली आणि मंत्री येणार असं ठरलं. फिनाईल आलं, नव्या चादरी आल्या. आम्ही महिनाभर मागत होतो ते हातमोजे त्या सकाळी खोक्यांनी आले. बैल गेला नि झोपा केला! मग वरून निरोप: टीव्हीवर पेशंट उघडे दिसायला नकोत. मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून ओरडले, "सगळ्यांना शर्ट घाला!"

"खरं हाय बाई," आर्णीच्या मजुराची बायको म्हणाली. "एवढा मोठा मानूस पाहाले येऊन राह्यला, उघडे कसे राह्यतीन?"

मी पुढच्या खाटेकडे गेले. तिने नवऱ्याला काय घातलं ते पाहिलं नाही.

मंत्र्यांच्या नाकाला रुमाल होता. कॅमेरा लागताच तो खिशात गेला आणि हात त्या मजुराच्या खांद्यावर आला. "सरकार तुमच्या पाठीशी आहे." बाहेर जाऊन म्हणाले, मजुरांनी तोंडाला फडकं बांधायला हवं होतं, आपण जनजागृती करू. आग लागो तुमच्या जनजागृतीला!

संध्याकाळी त्याच्या तोंडाला पुन्हा फेस आला. बटणं काढताना माझ्या बोटांना फवारणीच्या औषधाचा वास लागला आणि मी वळून तिच्याकडे पाहिलं.

"यायच्यापाशी एकच शर्ट हाय," ती म्हणाली. "नळावर धुतला होता म्या."

ते विष एका धुण्यात जात नाही, हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. पुन्हा साबण, पुन्हा इंजेक्शनं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चार वाजता विरोधी पक्षाचे पुढारी आले. त्याच खाटेवर नवा पेशंट होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मंत्र्यांचा राजीनामा मागितला.

आर्णीचा तो मजूर तसाही वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते आजही पटत नाही. तिला मात्र मी शर्टाचं काहीच सांगितलं नाही, धीरच झाला नाही.

गावी निघताना तिने मंत्र्यांचा फोटो आलेला पेपर मागितला. नवऱ्याचा दुसरा फोटोच नव्हता तिच्याकडे. मी कात्रीने मंत्र्यांना कापून टाकलं. हात तेवढा खांद्यावर राहिला. तो काढायचा तर शर्टही कापावा लागला असता.

तिने कात्रण बराच वेळ पाहिलं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली, "तुमी शर्ट घालाले लावला."